वाळूचा दगड, युरियाचा हिशेब

जेम्स समनर सतरा वर्षांचा असताना शिकारीला गेला. सोबत्याच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी लागली आणि त्याचा डावा हात कोपराखाली कापावा लागला. तो डावखुरा होता. पुढे हार्वर्डमध्ये जीवरसायनशास्त्र शिकायला गेला तेव्हा एका हाताने प्रयोगशाळेत निभावणार नाही, त्यापेक्षा वकिलीचे बघ, असा सल्ला त्याला मिळाला. त्याने तो ऐकला नाही. १९१७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात त्याने एका शेंगेच्या बिया दळायला घेतल्या. आपल्याकडच्या अबईची ही जवळची बहीण. या बियांच्या पिठात युरिएज नावाचे विकर भरपूर असते आणि ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढायचे, असे त्याच्या मनाने घेतले होते. नऊ वर्षे लागली. १९२६ मध्ये त्याला युरिएजचे स्फटिक मिळाले. कोणत्याही विकराचे ते पहिले स्फटिक. विकर म्हणजे प्रथिनच, असे तो सांगू लागला तेव्हा जर्मनीतल्या दिग्गजांना ते पटले नाही. १९४६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर तो वाद मिटला होता.

समनरला बांधकामाशी काही देणेघेणे नव्हते. पण वाळूत जिवाणू सोडून तिचा दगड करण्याचा जो उद्योग आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालला आहे, त्याचा बहुतेक डोलारा याच विकरावर उभा आहे.

युरिएजची ओळख आपल्या नाकाला फार जुनी आहे. गोठा दोन दिवस धुतला नाही की जो झोंबणारा वास येतो तो अमोनियाचा. ताज्या गोमूत्राला तो नसतो. गोमूत्रात युरिया असतो, गोठ्याच्या जमिनीतले जिवाणू युरिएजच्या मदतीने तो फोडतात आणि मग अमोनिया सुटतो. शेतकऱ्यालाही हे विकर नावाने नाही तरी कामाने माहीत असते. युरिया नुसता वर फेकला, मातीआड केला नाही, पाणी दिले नाही, तर त्यातले नत्र उडून जाते. उडवणारे हेच. एरवी पाण्यात विरघळलेला युरिया वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहू शकतो. युरिएज समोर आले की त्याचे काम क्षणार्धात संपते.

युरियाचा रेणू फुटला की दोन गोष्टी हाती लागतात. एक अमोनियम, आणि दुसरी कार्बोनेट. अमोनियामुळे पाणी अल्कधर्मी होते, त्याचा सामू नऊच्या आसपास चढतो. अशा पाण्यात विरघळलेले कॅल्शियम असेल तर कार्बोनेट त्याला पकडते आणि दोघे मिळून कॅल्साइटचे बारीक खडे होऊन खाली बसतात. कॅल्साइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. शिंपल्यात, संगमरवरात आणि आपल्या रानातल्या चुनखडीच्या गोट्यांत असते तेच.

हे सगळे वाळूच्या कणांमधल्या फटीत घडवून आणले की कण एकमेकांना चिकटतात. त्यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा जिवाणू म्हणजे स्पोरोसार्सिना पाश्चुरी. लुई पाश्चर यांच्या नावावरून त्याचे नामकरण झाले; जुन्या पुस्तकांत तो बॅसिलस पाश्चुरी म्हणून सापडतो. मातीत राहतो, माणसाला आजार करत नाही, लांबीला मिलिमीटरचे काही हजारांश. जिथे इतर जिवाणूंचा जीव गुदमरेल अशा अल्कधर्मी, अमोनियाने भरलेल्या पाण्यात तो खुशाल वाढतो, आणि युरिया फोडण्यातून स्वतःसाठी ऊर्जाही मिळवतो. त्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, त्यामुळे पाण्यातले धनभारित कॅल्शियम त्याच्याभोवती गोळा होते. स्फटिक त्याच्या अंगावरच धरू लागतात. हळूहळू तो त्यात पूर्ण गाडला जातो, अन्न तुटते, आणि मरतो. वीट तयार होते तेव्हा तिच्यातले बहुतेक जिवाणू मेलेले असतात. ‘जिवंत वीट’ असे जे मथळे छापून येतात ते या पद्धतीपुरते तरी निव्वळ हौसेचे आहेत.

जिवाणू कॅल्साइट बनवतात, हे शोधायला कोणी वाळवंटात गेले नव्हते. १९७३ मध्ये स्पेनमधल्या तिघा संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. मातीतले शेकडो जिवाणू त्यांनी कॅल्शियमयुक्त खाद्यावर वाढवून पाहिले आणि योग्य खाद्य मिळाले तर जवळजवळ सगळेच कॅल्साइटचे स्फटिक बनवतात असे त्यांना दिसले. म्हणजे ही एखाद्या जिवाणूची खास विद्या नव्हे. सामू आणि कार्बोनेट जमून आले की स्फटिक होतातच. पाश्चुरीचे वैशिष्ट्य एवढेच, की तो हे भराभर करतो.

याचे महत्त्व कळायला आपल्या जुन्या चुन्याकडे बघावे. मुंबईतल्या चुनाभट्टीला ते नाव उगाच पडलेले नाही. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवायचा, वाळू घालून घाणीत मळायचा आणि भिंतीत भरायचा. पुढे वर्षानुवर्षे तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषत राहतो आणि भिंतीच्या पोटात पुन्हा चुनखडी होतो. जुन्या वाड्यांच्या भिंती याच उलट्या प्रवासावर उभ्या आहेत. सिमेंटचा रस्ता वेगळा. त्यात चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १,४५० अंश सेल्सियसला भाजतात, आणि चुनखडीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड बहुतांशी हवेतच राहतो. जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि माणसाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातला साधारण बारावा-तेरावा हिस्सा त्याच्या खात्यावर जातो. जिवाणू मात्र भट्टीवाचून, खोलीच्या तापमानाला, थेट चुनखडीच तयार करतो. कल्पना मोहात पाडणारी आहे यात शंका नाही.

तिला अभियांत्रिकीचे रूप आले ते ऑस्ट्रेलियात आणि हॉलंडमध्ये. पर्थच्या मर्डॉक विद्यापीठात व्हिक्टोरिया व्हिफिन यांनी २००४ मध्ये जिवाणूंपासून सिमेंट या विषयावर प्रबंध लिहिला. मग डेल्फ्टच्या लेऑन व्हान पासेन यांच्याबरोबर त्यांनी पाच मीटर लांबीच्या नळीत वाळू भरून तिच्यातून आधी जिवाणू आणि मग युरिया व कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण सोडले. नळीच्या दोन्ही टोकांपर्यंत कॅल्साइट पोचले. हे दिसते तितके सोपे नाही. द्रावण आत शिरताच प्रक्रिया सुरू झाली तर तोंडाशीच दगड होतो आणि पुढची वाट बंद पडते. जिवाणूंना आधी आत पसरू द्यायचे, वाळूवर स्थिरावू द्यायचे, आणि मग त्यांना खाद्य पोचवायचे, ही त्यातली युक्ती.

पुढचा प्रयोग घराएवढा होता. व्हान पासेन यांनी एका मोठ्या हौदात १०० घनमीटर वाळू भरली, एका बाजूने द्रावण सोडले, दुसऱ्या बाजूने उपसले. शेवटी सैल वाळू धुऊन काढली तेव्हा आत सुमारे ४० घनमीटरचा दगड उभा होता, पाणी ज्या वाटांनी वाहिले त्या वाटांचा आकार घेऊन. त्याचे तुकडे कापून दाबून पाहिले. काही ठिकाणी ताकद ०.७ मेगापास्कल भरली, काही ठिकाणी १२.४. पहिला आकडा साध्या विटेच्या जवळपासही जात नाही, दुसरा चांगल्या विटेला मागे टाकतो, आणि दोन्ही एकाच हौदातले. या तंत्राचे निम्मे दुखणे या दोन आकड्यांत सांगून होते. कारखान्यात साच्यातून विटा काढताना हा फरक आवरता येतो. जमिनीखाली पाणी आपल्या मनाने वाहते आणि दगडही त्याच्या मागे जातो.

कॅल्साइट किती झाले यापेक्षा ते कुठे बसले याला जास्त महत्त्व आहे, हे मर्डॉकच्याच लिआंग चेंग आणि राल्फ कॉर्ड-रुविश यांनी दाखवून दिले. वाळू पाण्याने पूर्ण भरलेली असेल तर स्फटिक कणांच्या अंगाखांद्यावर कुठेही धरतात. त्यातले बरेचसे कुठल्याच जोडणीला उपयोगी पडत नाहीत. पण वाळू नुसती ओलसर ठेवली तर पाणी फक्त दोन कण टेकतात त्या बेचक्यात साचून राहते, आणि स्फटिकही नेमके तिथेच होतात. तेवढ्याच कॅल्साइटमध्ये ताकद जास्त मिळते. रव्याच्या लाडवाला पाक बेताचा लागतो, त्यातला प्रकार. वर फायदा असा की कणांमधल्या बाकीच्या फटी मोकळ्या राहतात आणि पाणी झिरपायचे थांबत नाही. सिमेंटचा घोळ ओतला तर सगळेच बुजते.

मात्र फटी आधी असायला हव्यात. जिवाणू वाळूच्या फटीतून सहज जातो, गाळाच्या मातीत अडखळतो आणि चिकणमातीत शिरूच शकत नाही. विदर्भ-मराठवाड्याची काळी, भेगाळणारी जमीन या उपायाने सुधारावी असे कोणाच्या मनात येत असेल, तर ते काम या जिवाणूचे नाही.

विटांची गोष्ट जिंजर क्रीग डोझिए या वास्तुरचनाकार बाईंपासून सुरू होते. त्या शारजाच्या अमेरिकन विद्यापीठात शिकवत होत्या. भोवती वाळवंट, आणि बांधकामाला लागणारी वीट भाजण्यासाठी जळणारे इंधन. त्यांनी साच्यात वाळू भरून तिच्यावर जिवाणू आणि खाद्य शिंपडत वीट ‘पिकवली’ आणि २०१० मध्ये त्यासाठी न्यूयॉर्कच्या ‘मेट्रोपोलिस’ मासिकाचे पारितोषिक मिळवले. २०१२ मध्ये अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात, ‘बायोमेसन’ ही कंपनी निघाली. पुढे त्यांनी विटांपेक्षा फरश्यांवर भर दिला. ही निवड मला शहाणपणाची वाटते. फरशीला पोलादी सळई लागत नाही, ती कारखान्यातच घडते आणि तिचे सांडपाणी कारखान्यातच अडवता येते.

साधारण त्याच सुमारास, २००९ मध्ये, माग्नुस लार्सन या स्वीडिश वास्तुरचनाकाराने ऑक्सफर्डच्या एका टेड व्याख्यानात आफ्रिकेच्या आडव्या पसाऱ्यात मॉरिटानियापासून जिबूतीपर्यंत ६,००० किलोमीटर लांबीची भिंत सुचवली. वाळूच्या टेकड्याच जिवाणूंनी घट्ट करायच्या आणि सहाराला दक्षिणेकडे सरकण्यापासून थोपवायचे. चित्रे देखणी होती, टाळ्याही पडल्या. युरिया कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो प्रश्न आपण एका विटेपुरता सोडवून पाहू. वीट तीन किलोची धरा आणि तिच्यात वजनाच्या दहा टक्के कॅल्साइट, म्हणजे ३०० ग्रॅम. रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे. कॅल्साइटच्या एका रेणूला युरियाचा एक रेणू आणि कॅल्शियम क्लोराइडचा एक रेणू लागतो, आणि अमोनियम क्लोराइडचे दोन बाहेर पडतात. वजनात मांडले तर ३०० ग्रॅम कॅल्साइटसाठी १८० ग्रॅम युरिया आणि ३३३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. हजार विटांना १८० किलो युरिया, म्हणजे आपल्याकडच्या ४५ किलोच्या बरोबर चार गोण्या, तोही एक कण वाया गेला नाही असे धरून. वीस हजार विटांचे छोटे घर बांधायचे तर ऐंशी गोण्या. आणि हा युरिया शेतीसाठी सवलतीत मिळणारा नव्हे. तो कारखान्याकडे वळवणे कायद्याने गुन्हा आहे.

युरिया आकाशातून पडत नाही. तो अमोनियापासून होतो, अमोनिया बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून, मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेत. म्हणजे वीट भाजायची भट्टी विझवली तरी तिच्या बदल्यात खताच्या कारखान्यातली एक पेटते, फक्त आपल्या नजरेआड. विटेतले कार्बोनेटही युरियातूनच आलेले असते. कॅल्शियम क्लोराइडचे त्या मानाने बरे. सोडा ॲश बनवताना ते उपउत्पादन म्हणून निघते आणि त्याला गिऱ्हाईक शोधावे लागते. पण एकूण जमाखर्च मांडल्याशिवाय या विटेला ‘हरित’ हे विशेषण लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किती युरिया लागला, तो कोणत्या कारखान्यातून आला आणि सांडपाण्याचे काय केले, यावर निकाल दोन्ही बाजूंना झुकू शकतो.

सांडपाण्यात काय असते? हजार विटांमागे ३२१ किलो अमोनियम क्लोराइड. हा पदार्थ आपल्याला परका नाही. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात जी चिमूटभर पूड टाकतो आणि पांढरा धूर निघतो, तो नवसागर म्हणजे हाच. हातभट्टीच्या बातम्यांतही त्याचे नाव नियमाने येते. चिमटीत असतो तोवर ठीक. शेकडो किलोंनी ओढ्यात किंवा विहिरीच्या पाण्यात गेला तर मासे मरतात, शेवाळ माजते आणि पुढे त्याचे नायट्रेट होऊन पिण्याचे पाणी बिघडते. त्यामुळे या क्षेत्रातले बरेचसे नवे संशोधन आता दगडाविषयी कमी आणि या पाण्याविषयी जास्त आहे. वाळू धुऊन अमोनियम परत मिळवणे, त्याचे स्ट्रुव्हाइट नावाचे खत करणे, असे प्रयत्न चालू आहेत. तांत्रिकदृष्ट्या हे जमते. खर्चाला परवडेल का, हे प्रत्येक जागी वेगळे.

क्लोराइडचीही एक भानगड आहे. काँक्रीटमधली सळई गंजायला क्लोराइडइतका दुसरा मदतनीस नाही. खाऱ्या हवेतल्या इमारतींचे स्लॅब का फुगतात ते मुंबईकरांना विचारा. तेव्हा या पद्धतीने बनवलेल्या दगडात पोलाद घालून तुळई, खांब करायचा विचार तूर्त सोडावा. क्लोराइड टाळण्यासाठी काही संशोधकांनी अंड्याची टरफले व्हिनेगरमध्ये विरघळवून कॅल्शियम ॲसिटेट वापरले. प्रयोगशाळेत झकास चालले.

केप टाउनच्या डिलन रँडल यांनी याच हिशेबाकडे उलट्या बाजूने पाहिले. युरिया कारखान्यातून विकत का आणायचा? माणूस तो रोज फुकट टाकून देतो. २०१८ हे त्या शहराचे भीषण पाणीटंचाईचे वर्ष. त्याच वर्षी केप टाउन विद्यापीठातल्या मुताऱ्यांतून गोळा केलेल्या लघवीपासून त्यांच्या गटाने वीट बनवली. सुझॅन लँबर्ट आणि वुखेटा मुखारी हे त्यांचे विद्यार्थी. आधी लघवीत चुना मिसळायचा. त्याने सामू इतका चढतो की कुठलाच जिवाणू युरियाला हात लावत नाही, शिवाय फॉस्फरसचे खत तळाशी बसते. मग उरलेल्या द्रवावर पाश्चुरीचे काम. चार ते सहा दिवसांत वीट. पण एका विटेला २५ ते ३० लिटर लघवी लागली, आणि तिची ताकद भरली २.७ मेगापास्कल. भाजलेल्या विटांच्या आपल्या भारतीय मानकात सर्वांत खालचा वर्ग ३.५ चा आहे. गवंडी तोंडावर नाही म्हणणार नाही, पण घेणारही नाही. तरीही मला हा प्रयोग मोलाचा वाटतो, कारण त्यात खत आधी आणि वीट नंतर आहे.

मग या जिवाणूचे खरे काम कुठे? माझ्या मते जिथे सिमेंट पोचत नाही, किंवा पोचले तर नुकसान करते, तिथे.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गोर्गस येथे एका विहिरीत जमिनीखाली ३४१ मीटरवर खडकाला पडलेली भेग बुजवायची होती. माँटाना स्टेट विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये विहिरीतून जिवाणू आणि खाद्य आळीपाळीने खाली सोडले आणि भेग कॅल्साइटने भरली. सिमेंटचे कण ज्या बारीक फटीत शिरत नाहीत तिथे पाण्यासारखे पातळ द्रावण शिरते. याला लागणारा युरिया किरकोळ, आणि वाचणारा खर्च मोठा.

दुसरी जागा भूकंपाची. पाण्याने भरलेली सैल वाळू जोराने हलली की तिचे कण एकमेकांवरची पकड सोडतात आणि जमीन काही क्षण द्रव होते. वरची इमारत कलंडते किंवा खचते. २००१ च्या भूजच्या भूकंपात कच्छच्या रणात जागोजाग वाळू आणि पाणी उसळून वर आले होते, ते याच कारणाने. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस येथील जेसन डीजाँग यांनी २००६ मध्ये दाखवले की थोड्याशा कॅल्साइटने जोडलेली वाळू अशा वेळी द्रव न होता घट्ट मातीसारखी वागते. इथे दगड करायचाच नसतो. कणांना जागचे हलू द्यायचे नाही, एवढेच. कॅल्साइट कमी लागते, वरची इमारत पाडावी लागत नाही, कंपनही होत नाही. आणि जिवाणू बाहेरून आणायचीही गरज नसते. युरिया फोडणारे जिवाणू जवळजवळ प्रत्येक जमिनीत असतात, त्यांनाच खाऊ घालून कामाला लावायचे असा रस्ता आता चोखाळला जातो आहे. भूजलात सुटणारे अमोनियम उपसून काढण्याची जबाबदारी तेवढी टळत नाही.

समुद्रकिनाऱ्याचे प्रकरण आपल्या जास्त जवळचे. उष्ण किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे समुद्राच्याच पाण्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटने जुळून दगड होतात. यासाठी लाखो वर्षे लागत नाहीत, काही दशकेही पुरतात. कोकणात अशा दगडाला करल म्हणतात. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाचे सातोरु कावासाकी यांनी हाच प्रकार कृत्रिमरीत्या घडवण्याचा विषय घेतला. ओकिनावाच्या किनाऱ्यावरचे जिवाणू घेऊन तिथली वाळू बांधायची, म्हणजे धूप थांबेल आणि बाहेरून दगड आणावा लागणार नाही. आपल्या किनारपट्टीवर धूपप्रतिबंधक बंधारे म्हणजे काळ्या दगडांचे ढीग. त्यांनी पुळण जाते, होड्या ओढायला जागा राहत नाही, आणि समुद्र शेजारच्या गावात घुसतो. करलासारखा खालून बांधलेला किनारा या सगळ्याला उत्तर ठरेल असे म्हणणे घाईचे होईल. अमोनियम शेवटी जाणार त्याच पाण्यात, जिथे कोळणी तिसऱ्या आणि कालवे काढतात.

युरियाचा रस्ता पूर्ण टाळणारेही आहेत. डेल्फ्टचे हेंक योंकर्स काँक्रीटमध्येच जिवाणूंचे बीजाणू आणि कॅल्शियम लॅक्टेट मिसळून ठेवतात. तडा गेला, पाणी शिरले की बीजाणू जागे होतात, ते खातात आणि तडा चुनखडीने भरतात. त्यात अमोनिया नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या विल स्रुबर यांनी २०२० मध्ये प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्मजीव, वाळू आणि जिलेटिन यांच्या विटा केल्या. इथे मात्र ‘जिवंत’ हा शब्द शोभतो. एक वीट अर्धी करून नवी वाळू आणि खाद्य दिले की दोन विटा होतात, आणि असे त्यांनी तीन पिढ्यांपर्यंत केले. अडचण अशी, की पुरती वाळवली तर वीट घट्ट होते पण सूक्ष्मजीव मरतात, ओलसर ठेवली तर ते जगतात पण वीट कच्ची राहते. दोन्ही एकदम हवे म्हणणाऱ्यांना अजून उत्तर मिळालेले नाही.

आपल्या देशात या विषयावर बऱ्याच आधीपासून काम झाले आहे. पतियाळाच्या थापर विद्यापीठात वरेण्यम अचल, अभिजित मुखर्जी आणि एम. सुधाकर रेड्डी यांनी २००९ च्या आसपास पाश्चुरीचा जास्त जोमाचा वाण तयार केला, आणि महागड्या प्रयोगशाळेच्या खाद्याऐवजी मक्याच्या स्टार्च कारखान्यातल्या आणि दुधाच्या उद्योगातल्या टाकाऊ द्रवावर तो वाढवून दाखवला. वर्तमानपत्रांत ते फारसे आले नाही. गाजली ती बंगळुरूची वीट, कारण ती चंद्रासाठी होती.

भारतीय विज्ञान संस्थेचे आलोक कुमार आणि कौशिक विश्वनाथन यांनी इस्रोच्या शास्त्रज्ञांबरोबर २०२० मध्ये चंद्रावरच्या मातीसारख्या कृत्रिम मातीत पाश्चुरी, युरिया आणि गवारीच्या बियांचा गोंद मिसळून घट्ट ठोकळे तयार केले. गोंदामुळे ताकद बरीच वाढली. दोन वर्षांनी त्यांनी मंगळाच्या मातीची नक्कल घेतली, तर जिवाणू वाढेचनात. त्या मातीतले भरमसाट लोह त्यांना विषारी ठरत होते. थोडेसे निकेल क्लोराइड टाकल्यावर गाडी रुळावर आली. निकेल का, तर युरिएजच्या गाभ्यात निकेलचेच अणू बसलेले असतात, हे १९७५ पासून माहीत आहे.

पृथ्वीवर जो हिशेब अंगावर येतो तो तिथे उलटा फिरतो. चंद्रावर सिमेंटची एक गोणी नेण्याचा खर्च कोणी विचारूही नये. युरिया मात्र तिथे राहणारी माणसे बरोबरच घेऊन जाणार. २०२५ मध्ये याच गटाने भट्टीत भाजलेल्या चांद्रविटांना पाडलेल्या भेगा आणि खाचा जिवाणूंच्या राबडीने भरून त्यांची गमावलेली ताकद काही प्रमाणात परत आणली. पण हे सारे बंगळुरूच्या हवेत, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात. वजनरहित अवस्थेत पाश्चुरी वाढेल का, कार्बोनेट सोडेल का, याचे उत्तर जमिनीवर बसून मिळणार नाही, म्हणून त्याचा नमुना गगनयानाबरोबर वर पाठवण्याचा त्यांचा बेत आहे.